मोडी शिकवतो, कागद सांभाळायला कोण शिकवणार?

महोदय,

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या महिन्यात एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड हाती आला. फाटक्या पानांवर कुणीतरी मायेने चिकटपट्टी लावली होती. ती कधीच गळून पडली होती. मागे उरला होता तपकिरी डाग, कागदात मुरलेला. लावणाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. अशा पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. ही खळ पुढे गरज पडली तर ओलाव्याने सोडवता येते, मोठी गोष्ट तीच. पण त्यासाठी हात बसावा लागतो, नुसत्या व्याख्यानाने ते येत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, त्याचा आनंदच आहे. मात्र ते कागद दुरुस्त करायला शिकायचं, तर आमच्या भागातल्या मुलांना लखनौ-दिल्लीची वाट सांगितली जाते. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. तिथल्या जाणकारांना इथे बोलवा. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक सत्र तरी प्रत्यक्ष कागदावर काम करू द्या, आणि शिकून आलेल्यांसाठी जिल्हा ग्रंथालयात एक पद ठेवा.

– एक वाचक, सातारा