एफ-4 आणि शिशाचं अस्तर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या पाणबुड्यांत बॅटरीच्या टाकीला शिशाचं अस्तर का असायचं आणि तुमचे वरिष्ठ अजूनही अस्तर-अस्तर का करत असतात, असं तू विचारलंस. फोनवर अर्धंच सांगून झालं असतं, म्हणून लिहितो. त्यासाठी अमेरिकेच्या एफ-4 या पाणबुडीची हकिकत माहीत हवी.

ही बोट सिॲटलची, मोरान कंपनीची. आधी तिचं नाव 'स्केट' होतं. 1911 मध्ये पाणबुड्यांची माशांची नावं जाऊन अक्षर-आकडे आले, तेव्हा ती एफ-4 झाली. 3 मे 1913 ला नौदलात दाखल, ऑगस्ट 1914 पासून मुक्काम हवाईला. लांबी 142 फूट, वजन पाण्यावर 330 टन. 25 मार्च 1915 ला होनोलुलूबाहेर सरावासाठी तिने बुडी मारली, ती वर आलीच नाही. बंदरापासून दीड मैलावर, 300 फुटांहून खोल सापडली. आत 21 जण होते, सगळे गेले. सेवेत असताना अमेरिकी नौदलाने गमावलेली ही पहिली पाणबुडी.

आता कारण. बॅटरीचे सेल ज्यात बसवतात ती टाकी पोलादाची, आतून शिशाचा पत्रा. सेलमधलं गंधकाम्ल शिशाला सहसा काही करत नाही, लोखंडाला मात्र खातं. चार्जिंग संपत आलं की सेलमधून गॅस सुटतो, त्याबरोबर आम्लाचे तुषार उडतात. बोट कलली की थोडं सांडतंही. अस्तराला केसाएवढी चीर असली तरी आम्ल मागे उतरतं आणि शिसं व पोलाद यांच्या फटीत बसून राहतं. तिथे हात पोचत नाही, धुताही येत नाही. वरून पत्रा धड दिसतो आणि मागे पोलाद झिजत जातं. चौकशीचा निष्कर्ष हाच होता : अस्तर खाल्लं गेलं, समुद्राचं पाणी बॅटरीच्या खणात झिरपलं आणि पाण्याखाली बोट ताब्यात राहिली नाही. त्यात खारं पाणी सेलमधल्या आम्लात मिसळलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, हे कधी विसरू नकोस.

तुमच्याकडे अस्तर रबराचं असेल, पण रीत तीच. सेल उतरवल्याशिवाय टाकीचा तळ बघितला असं म्हणू नकोस. आधी कोपरे आणि सांधे बघ. कुठे फुगवटा दिसला तर मागे आम्ल किंवा गंज आहे असंच धर. सांडलेल्या जागी खाण्याच्या सोड्याचं पाणी टाक. फेस येतोय तोवर आम्ल शिल्लक आहे. सेलची झाकणं मात्र घट्ट हवीत, सोडा आत गेला तर सेल बिघडेल.

बोट वर काढण्याचं कामही वाचण्यासारखं आहे. 17 एप्रिलला लॉफमन हा पाणबुडा वर येताना 250 फुटांवर तारदोरात अडकला. त्याची हवेची नळी आणि दोर दोन्ही गुंतले. फ्रँक क्रिली हा दुसरा पाणबुडा स्वतःहून खाली उतरला आणि त्याला सोडवलं. सगळं मिळून 2 तास 11 मिनिटं लागली. त्या खोलीवर साध्या हवेतला नायट्रोजन डोकं बधिर करतो, त्यात हे काम! 1929 मध्ये क्रिलीला मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता.

आधी वर तरंगणाऱ्या पडावांवरून तारदोरांनी उचलत बोट उथळ पाण्याकडे आणली. पण पडाव लाटेबरोबर वरखाली होतो, दोराला हिसके बसतात आणि ओझं आधीच खिळखिळं असलं तर फाटतं. म्हणून शेवटी सहा पोकळ पिंपं करून घेतली. ती पाणी भरून बुडवायची, बोटीच्या दोन्ही अंगांना बांधायची आणि मग आत हवा दाबून पाणी बाहेर काढायचं. पिंपं पाण्याखालीच असल्याने लाटेचा हिसका कमी. 29 ऑगस्टला एफ-4 वर आली.

21 पैकी फक्त चौघांची ओळख पटली. बाकीचे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत एकत्र पुरलेले आहेत. बोटीचा सांगाडा पुढे पर्ल हार्बरला पडून होता. 1940 मध्ये तिथल्या पाणबुडी तळाजवळ एका चरात भराव म्हणून तो पुरला.

तुझे बाबा