सगळीच बिअर मुरत नाही

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती बिअरवर लेख होता. बिअर जितकी जुनी तितकी लोणच्यासारखी मुरते, असं त्यात सरसकट लिहिलंय. हे अर्धंच खरं आहे.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर मुलाकडे पोर्टलंडला होते. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं त्याची वाट मोकळी झाली. मुलानं माझ्यासमोर दोन घाणे काढले. एक काळी, कडक स्टाउट. दुसरी भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं) घातलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल.

बाटल्या भरून तीन आठवडे झाल्यावर स्टाउट उघडली. हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास, आणि करपट कडूपणा टाळ्याला चिकटलेला. मुलाचा चेहराच उतरला. म्हटलं, अरे, लिंबाचं लोणचं पंधराव्या दिवशी कुणी वाढतं का? तो वास असिटाल्डिहाइडचा. आंबताना यीस्टच ते तयार करतं आणि वेळ मिळाला की संपवतंही. लोण्यासारखा वास देणाऱ्या डायअसिटिलचंही तसंच. म्हणून बाटली लगेच फ्रिजमध्ये कोंबू नये. गारठ्यात यीस्ट निपचित पडतं. गणपतीत दुसरी बाटली उघडली, तर सफरचंद नाहीसं झालेलं, कडूपणा होता पण बोचत नव्हता, आणि घोट गिळल्यावर मागे खजुरासारखी गोडसर चव रेंगाळत होती.

आयपीएचं उलट झालं. ताजी होती तेव्हा झाकण काढताच मोसंबं सोलल्यासारखा घमघमाट यायचा. ऑक्टोबरात तिला वासच उरला नव्हता, चव ओल्या पुठ्ठ्याची. हॉप्सचा सुगंध टिकत नाही, आणि बिअर बिघडवायला बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजनही पुरतो. उरलेल्या अकरा बाटल्या मुलानं सिंकमध्ये ओतल्या. मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून, गाळून, उकळण्यात त्याचा अख्खा शनिवार गेला होता. मला फार वाईट वाटलं.

आपला लेख वाचून आमच्या रामबागेतल्या एका बाईंनी मेलबर्नच्या भाच्याला त्याची बिअर दिवाळीपर्यंत जपून ठेवायला सांगितलंय. कोणती बिअर, ते त्यांना ठाऊक नाही. पुढच्या पुरवणीत कृपया एवढं छापावं: काळी, कडक बिअर अंधारात, गारव्याला पण फ्रिजबाहेर काही महिने राहू द्यावी, हॉप्सवाली एक-दोन महिन्यांत संपवावी, आणि प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख घालावी.

एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर