बोर्ड नवा, वायर जुनी

प्रिय मित्रा,

घरातल्या जुन्या वायरिंगचा तुझा फोटो येऊन तीन आठवडे झाले आणि मी साधं ‘पाहिला’ एवढंही कळवलं नाही. रागाव, हक्क आहे तुझा. इकडे सगळं ठीक, गुडघा जिथल्या तिथे. काल तो फोटो मोठा करून पाहिला आणि मग काही झोप लागली नाही.

छतातल्या रोझमधून, म्हणजे दिवा टांगायच्या वाटीतून, उतरलेल्या त्या दोन वायरी. वरचं सुती विणकाम विटलेलं, आत काळं रबर, आणि रोझच्या वाटीत काळी पूड. तुला ती धूळ वाटली. अरे, ते रबरच आहे! बल्बची धग वर्षानुवर्षं वर चढत राहते, त्यामुळे छताजवळचं रबर आधी वाळतं आणि मग खडूसारखं तुटतं. हात लावला नाही तर टिकून राहतं. वाकवलं की गळून पडतं. म्हणून ‘नुसते स्विच बदलू’ हा बेत सोड. स्विच बदलताना वायर ओढली जाणार, मागे कुठेतरी तडकणार, आणि ती चीर पहिली ओल येईपर्यंत गप्प बसणार.

‘अण्णांच्या काळचं काम आहे, मजबूत आहे,’ असं तू लिहिलंस. काम मजबूत आहेच. लाकडी पट्टीवर एका रेषेत मारलेल्या त्या क्लिपा आज कोणी मारून दाखवाव्यात. पण रबराला अण्णांचा धाक नाही ना.

माझी खरी काळजी तुझ्या वायरमनच्या त्या वाक्याची आहे: ‘किटकॅट काढून एमसीबीचा बोर्ड बसवतो, काम संपलं.’ किटकॅट म्हणजे तारेचा जुना फ्यूज, एमसीबी म्हणजे आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. तो दोनच गोष्टी ओळखतो, शॉर्ट आणि जास्तीचा लोड. ढिला जॉइंट ५ अँपिअरवरही तापून काळा पडतो आणि १६ चा एमसीबी शांतपणे बघत राहतो. शिवाय एमसीबी ठरवायचा तो वायरीवरून: तांब्याच्या दीड स्क्वेअर एमएमला १० अँपिअर, अडीचला १६. ‘सारखा पडतो’ म्हणून दीडवर ३२ चा बसवला, तर फ्यूजमध्ये जाड तार घातल्यासारखंच झालं. आणि तशी तार होस्टेलवर कोणी घातली होती, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. टेपरेकॉर्डर मी जाळला नाही, हे आज पुन्हा एकदा लेखी देतो.

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच, मात्र हवाच, ३० मिलिअँपिअरचा. पण जुन्या वायरींवर तो बसवल्या बसवल्या पडेल, हे आताच सांगून ठेवतो. एक कारण म्हणजे रबरातून होणारी गळती. दुसरं, जुन्या घरात एका खोलीचा फेज, म्हणजे करंट नेणारी वायर, तिचा स्वतःचा असतो आणि न्यूट्रल, म्हणजे परत आणणारी, शेजारच्या खोलीचा उसना घेतलेला असतो. जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की आरसीसीबी पडणारच, ते त्याचं कामच आहे. मग तुझा वायरमन ‘पीस खराब आहे’ म्हणेल आणि त्याला बायपास करेल. तेवढं होऊ देऊ नकोस.

जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज आहे का, ते बघून घे. तो उडाला की दिवा विझतो, आपण समजतो वीज गेली, आणि होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो.

रबर जाणारच; बाकीचं बदलायचं की नाही, हे ना मी ठरवायचं ना तू. मेगर ठरवेल, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, ५०० व्होल्टचं. मेन बंद करून फेज-न्यूट्रल दोन्ही बाजूंनी तोडायचे, बल्ब काढायचे, पंखे, रेग्युलेटर, चार्जर, जे जे जोडलेलं ते सोडवायचं, पण स्विच मात्र चालू ठेवायचे. नाहीतर स्विचच्या पुढची वायर तपासलीच जात नाही. मग प्रत्येक सर्किटचा आकडा वेगळा घ्यायचा: फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी, म्हणजे जमिनीत गेलेल्या वायरीशी. जिथे अर्थच नाही, तिथे फेज-न्यूट्रलमधला. १ मेगाओहमच्या खाली आला तर ते सर्किट बंद. धडधाकट वायरिंग सहज शंभरच्या वर दाखवतं. भिंती ओल्या असतील तेव्हाच घे, कोरड्या दिवसांतला आकडा खुशामत करतो. आणि रबराचा आकडा चांगला आला तरी भुलू नकोस. मेगर आजची गळती सांगतो, उद्या वायर वाकवल्यावर काय होईल ते नाही.

मागच्या दोन खोल्या नंतरच्या, तिथे पाईपमधून पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक आवरणाची वायर आहे. आकडा बरा आला तर त्यांना हात लावू नकोस, उगाच भिंती फोडायला नकोत. गिझरला मात्र वेगळी लाइन. २००० वॅट म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास, आणि आताची वायर मुळात दिव्यांसाठी टाकलेली. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. नवी वायर जुनीला बांधून ओढता येते, पण अडली तर जोर लावायचा नाही; आत गंजलेला पाईप असतो किंवा कोणीतरी टेप गुंडाळून लपवलेला जॉइंट.

अजून एक, थ्री-पिनचं सॉकेट उघडून बघ. अर्थच्या पिनेतून न्यूट्रलला छोटा तुकडा जोडलेला दिसला तर आजच काढ. न्यूट्रल तुटला की यंत्राची पत्र्याची बॉडीच फेज होते. पण तुकडा काढला म्हणजे अर्थ मिळाला असं नाही. खरी अर्थिंग होईपर्यंत तिथे पत्र्याच्या बॉडीचं काही लावू नकोस.

तर रबर सगळं काढायचं, त्यात तडजोड नाही. पीव्हीसीचं मेगर बोलेल. बोर्ड सगळ्यात शेवटी.

वहिनींना नमस्कार. धाकटीला नोकरी लागली हे मला तिसऱ्याकडून कळलं, त्याचं भांडण फोनवर करू. आकडे सर्किटवार लिहून पाठव, ‘ठीक आले’ असं नको. आणि तोवर त्या रोझखालचा दिवा लावू नकोस.

तुझाच,
जाड तारवाला (तुझ्या मते)