आई-बाबा, जनरेटर लहानच घ्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "घ्यायचा तर पाच केव्हीएचाच, अख्खं घर चालेल" असं तुम्ही परवा म्हणालात. मला ते पटलेलं नाही. लाइट गेल्यावर अख्खं घर चालवायचंय कशाला? फ्रिज 200 वॅट, दोन पंखे दीडशे, चार एलईडी मिळून चाळीसच्या आत, वायफाय दहा-पंधरा. बेरीज चारशेच्या आसपास. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीन-चार पट ओढतो, तो धरूनही 2 केव्हीएचा पुरतो, कारण त्यातून सुमारे 1600 वॅट मिळतात. गीझर आणि पाण्याची मोटर त्यावर लावायचीच नाही. टाकी लाइट असतानाच भरून ठेवायची.

मोठा घेतला की खर्च खरेदीपाशी थांबत नाही. 50 हर्ट्झची वीज द्यायची म्हणून साधा जनरेटर सहसा मिनिटाला 3000 फेरे मारतो, मग त्यावर एक बल्ब असो की दहा. पेट्रोल जळतच राहतं. इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी असेल तेव्हा इंजिन हळू करतो. तो महाग असतो, पण आवाजही कमी करतो. लाइट वरचेवर जात असेल तर तोच घ्यावा असं माझं मत.

वाचलेल्या पैशांतून आधी वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (घराचं वायरिंग एका वेळी लाइट किंवा जनरेटर, दोन्हींपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्या. बाबा, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून ती सॉकेटमध्ये घालायचा विचारही नको (तुमचा हात शिवशिवतोय, मला माहीत आहे). जनरेटरचा करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मरमध्ये त्याचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि खांबावर लाइनमन हात घालून बसलेला असतो.

जनरेटर ठेवायचा बाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. जिन्याखाली नाही, बाल्कनीत नाही, शटर अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. झोपेतला माणूस उठतच नाही. आई, हे तुझ्यावर सोपवते. पाऊस आला की बाबा तो हळूच आत ओढतील. त्यापेक्षा चारी बाजूंनी मोकळं असं छप्पर करून घ्या.

आणि हो आई, तो सतत चालवायची गरज नाही. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो. मधूनमधून तासभर लावला तरी भागतं. सेल्फ-स्टार्टचाच बघा, दोरी खेचणं तुझ्या खांद्याला झेपणार नाही. पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरायचं, आणि टाकीत महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, कार्ब्युरेटर चोंदतो. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा, त्याआधी ऑइलची पातळी बघा.

दुकानात जाण्याआधी फ्रिजच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. त्यावरचे अँपिअर बघून मी हिशेब पक्का करते.

तुमची,
मनू