बारावीचे विषय निवडताना लाभलेल्या मार्गदर्शनाबद्दल

आदरणीय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी या सप्टेंबरपासून रटगर्स विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकते आहे. तिचे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचे विषय ठरवताना आपण जे मार्गदर्शन केलेत, ते न्यू जर्सीतल्या इतर मराठी पालकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे आभाराचे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आम्ही दोघे महाराष्ट्रात शिकलो. तिथे दहावीनंतर सायन्सला प्रवेश घेऊन पीसीएम ग्रुप निवडला की पुढचे विषय ठरलेलेच असत आणि सगळा भर बारावीच्या गुणांवर व सीईटीवर असे. इथे मात्र अकरावीतच शाळेने विषयांची भलीमोठी यादी हाती दिली, आणि ओळखीचे बहुतेक जण जितके एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) जास्त तितके चांगले, एवढेच सांगत होते.

आपण इथल्या हायस्कूलमध्ये अनेक वर्षे गणित शिकवले असल्याने आपले सांगणे वेगळे होते. कॉलेजात प्रवेशाचे अर्ज वाचणाऱ्यांपुढे ट्रान्सक्रिप्टसोबत, म्हणजे विषय आणि गुणांच्या नोंदीसोबत, शाळेचे प्रोफाइलही असते आणि शाळेत काय काय उपलब्ध होते हे त्यांना त्यातून दिसते; त्यामुळे इंजिनिअरिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलीने शाळेत एपी फिजिक्स सी असताना ते सोडून एपी सायकॉलॉजी घेतले, तर एपींची संख्या तेवढीच राहिली तरी तिची तयारी कमी पडते, हे आपण शांतपणे समजावलेत. अकरावीत तिने घेतलेले एपी फिजिक्स १ हे बीजगणितावर आधारलेले होते, तर फिजिक्स सी कॅल्क्युलसवर उभे आहे, हा फरकही आम्हाला आपल्यामुळेच कळला. फिजिक्स सी आणि कॅल्क्युलस बीसी (कॅल्क्युलसचा एपी विषय) एकाच वर्षी घ्यायचे, तर फिजिक्सच्या वर्गात इंटिग्रेशनची गरज पडते तेव्हा गणिताचा वर्ग अनेकदा तिथवर पोहोचलेला नसतो; ही अडचण आधीच ओळखून आपण उन्हाळ्याच्या सुटीत तिला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची मूळ कल्पना स्वतः शिकवलीत. ते शिकवणे तिच्या आजही उपयोगी पडते आहे, आणि या एका गोष्टीसाठी आपले किती आभार मानावेत हे मला खरोखर कळत नाही.

आणखी एक एपी घ्यावा, असा आमचा आग्रह होता. अर्ली अर्जांची, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या प्रवेश अर्जांची, मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, निबंध त्याच काळात लिहावे लागतात, आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुणही कॉलेजांकडे जातात, असे सांगून आपण तो आग्रह सोडायला लावलात. त्या तासाला तिने ड्राफ्टिंग (तांत्रिक आरेखन) घेतले. चौथ्या वर्षाच्या इंग्रजीकडेही आपण दुर्लक्ष होऊ दिले नाहीत, आणि ते माझ्या मते अगदी योग्यच झाले, कारण आता तिला दर आठवड्याला प्रयोगशाळेचे अहवाल लिहावे लागतात.

आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातला मुलगा यंदा अकरावीत आहे आणि त्याला सिव्हिल इंजिनिअरिंगकडे जायचे आहे. आपल्या सवडीने त्याला तासभर भेटाल का? आपला होकार आला की मी त्याच्या आईला आपला फोन नंबर देईन.

आपली कृतज्ञ,
एक पालक