ताई, आमच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी

आदरणीय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला जे दिलंत ते रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या प्रत्येक कबड्डी संघाला, विशेषतः मुलींच्या संघांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या रायगडात कबड्डी कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही. पण खेळासाठी शरीर कसं घडवायचं, याचा एकच नेम चालत आला होता: पहाटे उठा, वाळूत धावा, जितकं लांब तितकं चांगलं. तुम्ही आलात आणि आधी काही शिकवलंच नाहीत. स्टॉपवॉच आणि वही घेऊन मैदानाबाहेर बसलात. चढाई किती सेकंदांची, झटापट किती, परत आलेली मुलगी पुढच्या चढाईआधी किती वेळ उभी होती, सगळं टिपलंत. मग वही आमच्यापुढे सरकवलीत. नियमाने चढाईला ३० सेकंद मिळतात, पण त्यातला खरा स्फोट, म्हणजे सूर, पाय मारणं, मध्यरेषेकडे झेप, काही सेकंदांतच उरकतो. पकडीचंही तसंच. आणि असे स्फोट सामनाभर पुन्हा पुन्हा करावे लागतात.

स्नायूत साठलेलं एटीपी, म्हणजे स्नायूचं तयार इंधन, दोन-तीन सेकंदांत संपतं. मग क्रिएटिन फॉस्फेट ते भरून काढतं, पण पूर्ण जोर लावला तर तेही दहाएक सेकंदच पुरतं. त्यापुढे ऑक्सिजनशिवाय साखर फोडून ताकद मिळवावी लागते, आणि मांड्या जड होतात त्या तिथे. इतकं पुस्तकात सापडतं. आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो तुमच्या पुढच्या वाक्याने: संपलेलं क्रिएटिन फॉस्फेट परत भरायला ऑक्सिजनच लागतो. निम्मं साधारण अर्ध्या मिनिटात भरतं, जवळजवळ पूर्ण भरायला तीन-चार मिनिटं जातात. म्हणजे जिचा दमश्वासाचा पाया पक्का, तिची झेप लवकर परत येते. उत्तरार्धात आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या मुलीची पकड नेमकी अर्ध्या सेकंदाने का चुकायची, ते त्या दिवशी कळलं. तिच्या हिमतीवर शंका घेणारे सगळे गप्प झाले, याचं मला आजही बरं वाटतं.

मग तुम्ही बाबांना तिथी विचारायला बसलात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. त्या दिवसांत ओली, टणक वाळू पहाटे मोकळी मिळते. तिथे लांब, संथ धावणं ठेवलंत, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत पहाटे पाणी चढलेलं असतं, तेव्हा मंडळाच्या मैदानात छोटे स्फोट. कोरड्या वाळूत पाय रुततो, वेग मरतो, म्हणून झेपेचा सराव तिथे नको, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. बाबांनी आयुष्य होडीवर काढलं. त्यांचं पाण्याचं ज्ञान लेकीच्या खेळाला लागू पडेल, असं त्यांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

सगळ्यात धाडसाचं काम मात्र विश्रांतीचं होतं. सहा सेकंद जीव तोडून, मग दीड मिनिट नुसतं चालायचं. पारावरून आवाज आलाच, "पोरी सरावाला येतात की फिरायला?" तुम्ही चिडला नाहीत. त्या काकांच्या हातात स्टॉपवॉच दिलंत आणि विश्रांती कापून आम्हाला पळवलंत. सहावी झेप पहिलीच्या आसपासही नव्हती. मग पूर्ण विश्रांती देऊन पळवलंत. काकांनी स्वतःच आकडे वाचून दाखवले, आणि नंतर ते रोज वेळ घ्यायला येऊ लागले.

वीस-तीस सेकंदांच्या लागोपाठ चढायांचा तो जीवघेणा सराव आठवड्यातून मोजकाच ठेवलात, त्याबद्दलही आभार. दुसऱ्या दिवशी पाय दुखले की लॅक्टिक ॲसिड साचलं, असं आम्ही सगळ्याच म्हणायचो. तुम्ही समजावलंत की ते तासाभरात निघून जातं, लॅक्टेट तर हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. ज्या मुलीला पाय दुखतात म्हणून स्वतःत काहीतरी कमी आहे असं वाटायचं, तिच्यासाठी ही माहिती फार मोठी होती.

आणि रक्ततपासणी. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही, मग धावून धावून पाया कसा पक्का होणार? तुम्ही आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलंत. काही जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि घरोघरी जाऊन तुम्ही आयांना सांगितलंत: तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, कलेजी, अळीव द्या, वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा नको. मुलीच्या ताटात काय वाढायचं याची चर्चा आमच्या आळीत पहिल्यांदा झाली. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हेच.

गेल्या मोसमात शेवटच्या पाच मिनिटांत आमच्यावर लोण चढणं, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, जवळजवळ थांबलं. तिसऱ्या चढाईला आता कुणी मागे सरत नाही.

जाताना तुम्ही बजावलं होतंत की लहान मुलींना मांड्या पेटवणारा सराव लावू नका. त्या वयात साखर फोडणारी ती यंत्रणा अजून पुरती तयार नसते, त्यांना शिवाशिवी आणि लंगडी खेळू द्या. तेच चाललंय. शाळेतल्या मुली संध्याकाळी मैदानात येतात, काका वेळ घेतात, वही मी लिहिते. मे महिन्यात घरी याल तेव्हा ती तपासायला हवी आहे.

तुमची,
संघाची कर्णधार, आणि सगळ्या मुली