डिसेंबरात येशील तेव्हा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना घेऊन येतेस हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. नागपूरजवळ जुनं, शांत असं काय दाखवायचं, असं विचारलंस. दीक्षाभूमीला तर जायचंच. पण मला तुम्हाला गावाबाहेर न्यायचं आहे.

आधी जुनापाणी. काटोल रोडने शहर मागे टाकलं की थोड्याच वेळात माळावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं दिसतात. लोहयुगातल्या लोकांनी आपली माणसं इथे पुरली. १९६१-६२ साली बी. के. थापर यांनी काही वर्तुळं खोदली, तेव्हा लोखंडी हत्यारं निघाली. काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, ऊन डोक्यावर आलं की हरवतात. म्हणून पहाटेच निघायचं, कुरकुर चालणार नाही!

दुसऱ्या दिवशी नगरधन. वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली, नवरा गेल्यावर मुलं लहान होती म्हणून राज्य तिनेच चालवलं. २०१५ नंतरच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, तू मात्र मैत्रिणींना सांग. तिथून रामटेक. बहुतेक लोक वरच्या राममंदिरात जाऊन परततात. आपण केवल नरसिंहापाशी थांबू. पाचव्या शतकातलं ते देऊळ, आत लाल दगडाची भव्य मूर्ती आणि भिंतीवर वाकाटकांचा शिलालेख.

वाटेत झाडं लागतील, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेव. शिवणाची टेप आण. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. चिंचेचा, मोहाचा घेर मोजून वहीत लिहून ठेवू, पुढच्या खेपेला ताडून बघता येईल. वडाचं तसं जमत नाही. पारंब्या जमिनीत रुजतात, जाड होतात आणि खोडाशी एकजीव होतात, त्यामुळे घेरावरून वय काढणं कठीण. कुणी छातीठोकपणे ‘हजार वर्षांचा वड’ म्हणालं तर मान डोलवू नकोस.

जुनी चिंच आतून पोकळ असली तरी ती मेलेली नसते. पाणी वर नेणारं जिवंत लाकूड सालीच्या लगतच असतं, मधलं गेलं तरी झाड फुलतं, फळतं. पोकळ दिसलं की ‘पडेल’ म्हणून कुऱ्हाड लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरं दुःख सिमेंटच्या पारांचं. थेट खोडापर्यंत काँक्रीट ओतलं की मुळांना ना हवा, ना पाणी. भोवती माती मोकळी सोडून, दगड नुसते रचून केलेला पार किती चांगला! राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळालं, पण तो कायदा शहरांपुरता. बांधावरच्या मोहाची काळजी शेतकऱ्यालाच घ्यावी लागते. त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय, त्याला विचारल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही.

तिकीट काढलं की कळव. बूट घट्ट आणा, माळावर कुसळं फार. रामटेकचा दिवस सुट्टीचा नको, गर्दी असते. डबा मी करीन.

तुझी,
आई